मनगट्यांचा दुसरा जोड

माझ्या मुलीच्या हातात मनगट्या बांधून तास झाला नसेल, तोवर सासूबाईंनी त्या सोडून घेतल्या. गाठ सुटेना तेव्हा दातांनी सैल केली, पण सोडल्याच. मग मनगट्या मुठीत धरून त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि मी काही विचारण्याच्या आत नळ मोठा सोडून भांडी घासायला लागल्या.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मनगट्या माझ्या आईने मिरजेहून पाठवल्या होत्या. सुट्टी संपवून बहारीनला परत येणाऱ्या एका ओळखीच्या बाईंच्या सामानातून डिंकाचे लाडू, बाळंतशेपा आणि काळ्या-पांढऱ्या मण्यांच्या मनगट्यांचे दोन जोड आले होते. दोन अशासाठी, की एक बाळाच्या हातात असला म्हणजे दुसरा धुऊन वाळत घालता येतो. दृष्टबिष्ट मी मानत नव्हते, निदान तसं म्हणत तरी होते. पण आईने स्वतः ओवून पाठवलेली वस्तू आपल्या बाळाच्या अंगावर असावी, एवढं मला वाटणारच. आणि मनगट्या घातल्या नाहीत म्हणून सुनेला बोलणाऱ्या सासवा मी ढिगाने पाहिल्या होत्या. घातल्या म्हणून बिथरलेली माझीच एकटी.

"आई, झालं काय?"

"नकोत त्या. गालाला तीट लाव. हातात काही नको."

"पण का?"

"हातात काही दिसायला नको," त्या म्हणाल्या, आणि आधीच लख्ख झालेलं पातेलं पुन्हा घासायला घेतलं.

ही सत्तरच्या दशकाच्या अखेरीची गोष्ट. आम्ही मनाम्यात एका दुमजली जुन्या अरबी घराच्या खालच्या मजल्यावर राहत होतो. वर घरमालकाचं कुटुंब. माझा नवरा सित्र्याकडच्या एका कारखान्यात इंजिनियर. मआमीर गावाला वळसा घालून कंपनीची बस त्याला शिफ्टवर नेई आणि उन्हाने रापलेला असा परत आणून टाकी. मी एका बँकेत टेलेक्सवर होते. त्या दिवसांत बहारीनमध्ये बँकांचं पेव फुटलं होतं आणि टेलेक्सची खोली दिवसभर खडखडत असायची. बाळंतपणाची रजा मिळाली ती दीड महिन्याची, आणि साहेबाने बजावलं होतं की त्यापुढे जागा कुणासाठी अडवून ठेवता येणार नाही. पाळणाघर नावाची गोष्ट तेव्हा तिथे आमच्या माहितीत नव्हती. म्हणून सासूबाईंना पुण्याहून बोलावलं. नातीला सांभाळायला त्या आल्या, आणि नेमकं तेच करायला तयार होईनात.

म्हणजे बाकी सगळं करायच्या. मुलीला पायांवर घेऊन तेल लावायच्या, न्हाऊ घालायच्या, शेपा-ओव्याची धुरी द्यायच्या. पण मी समोर हवी. मी कोपऱ्यावरच्या बकाल्यात, म्हणजे वाण्याकडे, दूध आणायला निघाले तर त्या मुलीला माझ्या हातात देत. "तिला घेऊन जा," म्हणत. भर दुपारी, अंगाची लाही होत असताना. दाराची बेल वाजली की त्या मुलीला उचलून आतल्या खोलीत जात आणि कोण आलं ते कळेपर्यंत बाहेर येत नसत. खालची कडी, वरची कडी आणि मधलं कुलूप असं तिन्ही लावलं तरी रात्रीच्या जेवणाआधी एकदा दार ओढून बघत.

रजा संपत आली तसा माझा जीव टांगणीला लागला. नवऱ्याला म्हटलं, तुझ्या आईला विचार. तो म्हणाला, तिला सवय नाही परदेशाची. मी हसलेच. जी बाई लग्न होऊन रत्नागिरीहून निघाली ती बोटीने थेट आफ्रिकेला गेली, जिने वीस वर्षं नैरोबीत रेल्वेच्या क्वार्टरमध्ये संसार केला, तिला परदेशाची सवय नाही! नवरा नैरोबीतच जन्मलेला. तो देश स्वतंत्र झाल्यावर काही वर्षांनी सगळे पुण्याला परत आले. त्याच्या तोंडून मी नैरोबीच्या खूप गोष्टी ऐकल्या होत्या. जांभळ्या फुलांची झाडं, आंबे, रविवारची सहल, रेल्वे क्लबातला बँड. सासूबाईंच्या तोंडून मात्र एकही नाही. नवरा आठवणी काढायला लागला की त्या उठून जात. मला वाटायचं, सासऱ्यांच्या मागे त्यांना ते दिवस आठवायला नको वाटत असतील.

मनगट्यांचा राग माझ्या मनात धुमसत होताच. घरमालकाच्या सुनेलाही आमच्याच आगेमागे मुलगा झाला होता. त्याला सांभाळायला आफ्रिकेतल्या मोंबासाकडची एक आया होती, तिशीतली, काळीभोर, हसली की सगळा जिना उजळायचा. एके सकाळी ती बाळाला खांद्यावर टाकून जिन्यात बसली होती. मी उरलेला जोड घेऊन वर गेले आणि त्या गोऱ्यागोमट्या बाळाच्या दोन्ही मनगटांत बांधून टाकला. सासूबाईंनी नाकारलेल्या वस्तूचं कुणीतरी कौतुक करावं, असं मला वाटलं असणार. आयाने कौतुक केलंच. बाळाचा हात हलवून मणी वाजवून दाखवले. बाळाची आई झोपली होती म्हणून मी आत गेले नाही.

त्याच आठवड्यात ती आया आमच्या दाराशी आली. आमच्या कुटुंबाचं नैरोबीशी नातं आहे, हे नवऱ्याने तिला जाता-येता सांगितलं होतं. दार उघडं होतं, सासूबाई समोरच मेथी निवडत बसल्या होत्या. आया आनंदाने म्हणाली, "जांबो, मामा!" म्हणजे नमस्कार, आई. आणि पुढे स्वाहिलीत भडाभडा काहीतरी बोलली.

सासूबाई उठल्या. पायातली मेथी तुडवत आतल्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं. आया माझ्याकडे बघत राहिली. मला शरमेने मेल्यासारखं झालं. मी तिला तोडक्यामोडक्या हिंदी-अरबीत काहीतरी सांगून वाटेला लावलं आणि आत जाऊन सासूबाईंना फाडकन म्हणाले, "आई, ती काळी आहे म्हणून तुम्ही असं वागलात का?"

बाहेर वारा सुटला होता. धुळीने खिडकीच्या काचा पिवळ्या पडल्या होत्या. मुलगी पाळण्यात झोपलेली. सासूबाई पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. माझ्या बोलण्याचा त्यांना राग आला नाही, याचीच मला आधी भीती वाटली.

"दार लाव," त्या म्हणाल्या. "सांगत्ये तुला."

त्यांनी जे सांगितलं ते त्यांच्या क्रमाने सांगता येणार नाही, कारण त्या सारख्या मागेपुढे जात होत्या. पण गोष्ट अशी होती.

माझा नवरा दीड-दोन वर्षांचा असताना त्यांच्याकडे एक आया होती. नैरोबीच्या उत्तरेकडच्या डोंगराळ मुलखातली. तिच्या आजोबांची जमीन गोऱ्यांनी घेतली, तिच्यावर कॉफी लावली, आणि त्याच जमिनीवर तिचे वडील मजूर म्हणून राबले. आपल्याच शेतात झोपडी ठेवायला मालकाची परवानगी लागे. पासाशिवाय पुरुषाला हलता येत नसे. तिच्या लहानपणी वडील तो पास पत्र्याच्या डबीत घालून गळ्यात अडकवायचे. ती सासूबाईंना सांगायची, बाबा घरी येताना आधी डबीचा आवाज यायचा, मग बाबा दिसायचे. गुराच्या गळ्यातल्या घंटेसारखा. पोटाला पुरेना म्हणून ती शहरात आली. क्वार्टरच्या मागे नोकरांच्या खोल्या होत्या, त्यातल्या एकीत राहायची. तिलाही एक मुलगा होता, सहासात महिन्यांचा.

"मी काही मोठी देवमाणूस नव्हते हो," सासूबाई म्हणाल्या. "तिचा कप वेगळा होता. इनॅमलचा, मागल्या दाराशी पालथा घातलेला. आपल्यात सगळ्यांच्याच घरी तसा असायचा. पण पोरं दोन्ही एकाच घंगाळातल्या पाण्याने न्हायची. मी याला तेल लावायची, मग त्याला लावायची. काय तुकतुकीत अंग होतं त्याचं! माझ्या माहेरून मनगट्या आल्या, तर एक जोड याला बांधला, एक त्याला. ती म्हणाली, हे काय? मी म्हटलं, वाईट नजर लागत नाही. तिला फार आवडलं."

ते दिवस तिथे इंग्रजांनी पुकारलेल्या आणीबाणीचे होते. आयाच्या जमातीची माणसं गेलेली जमीन परत मिळवायला जंगलात शिरून गोऱ्यांशी लढत होती. लढणारे शपथ घेत, आणि शपथ घेतलेले लोक हातात कातड्याची पट्टी किंवा असलंच काहीतरी बांधतात, अशी गोऱ्यांची समजूत होती. एका सकाळी लष्कराच्या लॉऱ्या आल्या. भोंग्यावरून ओरडून सांगितलं, त्या जमातीचे सगळे बाहेर या. क्वार्टरच्या मागच्या खोल्या एकेक करून रिकाम्या केल्या. बायका-पुरुषांना रांगेत उकिडवं बसवलं, हात डोक्यावर ठेवायला लावले. हिंदी कुटुंबं आपापल्या दारांत उभी राहून बघत होती.

"गोरा अधिकारी अगदी पोरगा होता. नाक सोललेलं उन्हाने. बरोबर अस्कारी, म्हणजे त्यांचे काळे शिपाई. तो एकेकीपुढे थांबत होता, अस्कारी भाषांतर करत होता. हिच्यापुढे आला. पोर पाठीला बांधलेलं, त्याचा हात बाहेर लोंबत होता. त्यात काळा दोरा आणि मणी. त्याने काठीने तो हात वर केलान्. हे काय, म्हणून विचारलंन्."

 पदराचं टोक सासूबाई बोटाला गुंडाळत होत्या आणि सोडत होत्या.

"ती काही बोलली नाही. माझ्याकडे बघितलंन् फक्त. तिला वाटलं, बाईच सांगेल. मग त्या गोऱ्या पोराने पण आमच्याकडे बघितलंन्. इंग्रजीत विचारलंन्, हे तुमच्यापैकी कुणी दिलं का? ह्यांनी माझं मनगट धरलं. मागून, कुणाला दिसणार नाही असं. इतकं घट्ट की बांगडी पिचली. आणि म्हणाले, नो सर. वी डू नॉट नो."

सासरे सरकारी रेल्वेत कारकून होते. डोक्यावरचं छप्पर सरकारचं, पोटातला घास सरकारचा. त्या देशात वर गोरे, खाली ज्यांचा देश ते, आणि मधल्या पायरीवर आपण. मधला माणूस कठडा किती घट्ट धरतो ते मला सासऱ्यांच्या त्या हातावरून कळलं. त्यांना मी दोष द्यायला पाहिजे. पण ऐकताना माझ्या मनात आलं ते हेच, की आपला पासपोर्टही कंपनीच्या कपाटात आहे.

"मग?" मी विचारलं.

"मग मी काय केलं माहीत आहे? मी आत धावले. हा पलंगावर उभा होता, खिडकीतून बघत. याच्याही हातात तेच मणी! मी ते ओढून तोडले. मणी घरभर झाले. अधिकारी आत आला असता तर याच्या हातात दिसले असते ना. आपल्या पोराचे तोडले, आणि तिच्या पोराचे तसेच राहू दिले. बाहेर आले तर ती लॉरीत चढत होती. पोर पाठीवरच. पुढे कितीतरी महिने केर काढताना कपाटाखालनं मणी निघायचे."

त्यानंतर ती दिसली नाही. त्या बायकांना डोंगराकडे काटेरी तारांमागच्या वस्त्यांत नेऊन ठेवलं, दिवसभर खंदक खणायला लावलं, अन्न अपुरं, औषध नाही, आणि तान्ही मुलं तिथे जगत नाहीत, असं क्वार्टरमध्ये लोक दबक्या आवाजात बोलत. सासूबाईंनी तिच्या जागी आलेल्या आयाला एकदाच विचारलं, ती बाई, तो मुलगा? आया म्हणाली, "हाकुना." म्हणजे नाहीत. गावात नाहीत की कुठेच नाहीत, हे विचारायचं धैर्य त्यांना झालं नाही.

"म्हणून सांगत्ये," त्या म्हणाल्या, "माझ्या एकटीच्या हाती तुझं पोर देऊ नकोस. वेळ आली की मी गप्प बसत्ये. माझं मला ठाऊक आहे."

 मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला एवढंच. थोड्या वेळाने मुलगी उठली, तिचं दूध-पाणी झालं, आणि पाळणा हलवता हलवता मला एकदम आठवलं, दुसरा जोड वरच्या बाळाच्या हातात आहे.  काही कारण नव्हतं घाबरायचं. हा काही तो देश नाही, ते दिवस नाहीत. तरी मी तशीच उठून वर गेले. दार बंद. सगळे मुहर्रकला नातेवाइकांकडे गेलेले. म्हटलं, उद्या त्या बाळाच्या आजीला सांगून टाकू की हे मी बांधलंय, आमच्याकडची पद्धत आहे म्हणून. उद्या बाजारात जावं लागलं. परवा मुलीचं पोट दुखत होतं. असे दोनतीन दिवस गेले आणि बँकेतून फोन आला की तात्पुरत्या मुलीला मशीन जमत नाही, तासाभरासाठी येऊन दाखवून जा.

नवरा शिफ्टवर. मुलीला त्या खडखडाटात, सिगारेटच्या धुरात न्यायचं कसं? सासूबाईंनी मुलीला माझ्या हातातून घेतलं आणि म्हणाल्या, "जा. लवकर ये. दार आतनं लावून घेत्ये." मी बाहेर पडल्यावर एक कडी, दुसरी कडी आणि कुलूप असे तिन्ही आवाज ऐकले. टॅक्सी मिळेपर्यंत तीनदा मागे वळून पाहिलं.

बँकेत माझं लक्ष नव्हतं. त्या तात्पुरत्या मुलीला काय दाखवलं ते देवाला ठाऊक. घरी फोन केला तर वाजत राहिला. म्हटलं, न्हाऊ घालत असतील. पुन्हा केला. वाजतच राहिला. साहेबाला न सांगता मी निघाले. रस्त्यात सिग्नल लागला की मी ड्रायव्हरला "यल्ला, यल्ला" म्हणत होते, आणि तो बिचारा "इंशाल्ला" म्हणत होता.

आमचं दार सताड उघडं होतं.

त्या दारात उभं राहिल्यावर जे झालं ते आज इतक्या वर्षांनीही मला नीट आठवायला नको वाटतं. पाळणा रिकामा. बाळाचं दुपटं जमिनीवर. गॅसवर कसलंतरी पाणी उकळून आटत चाललेलं. सासूबाईंच्या चपला जागच्या जागी.  मी "आई! आई!" ओरडले, आणि वरून बायकांचा कल्लोळ कानावर आला.

जिना कसा चढले कळलं नाही. वरच्या मोठ्या खोलीत सगळ्या बायका जमल्या होत्या. घरमालकीणबाई हज करून आलेल्या, म्हणून सगळे त्यांना हज्जिया म्हणत. त्या मधोमध बसल्या होत्या. शेजारी त्यांची गावाहून आलेली थोरली बहीण. सून बाळाला घट्ट धरून रडत होती. भिंतीशी आया बसलेली, केस विसकटलेले, तिची कपड्यांची पेटी उलटी करून टाकलेली. आणि समोर एका बशीत, कुणी हात लावू नये अशा, माझ्या आईने पाठवलेल्या मनगट्या.

झालं होतं ते असं. बाळाला दोन दिवस ताप होता. थोरल्या बहिणीने अंगरख्याची बाही वर केली तर काळा दोरा, गाठी, मणी. बाळाचं न्हाणं-कपडे आयाच करायची, त्यामुळे हे कुणाचं, तर घरात कुणालाच ठाऊक नाही. मग आयाचंच. बहीण म्हणाली, हे सिहर आहे, जादूटोणा, आफ्रिकेतल्या बायका करतात. आयाने खाली बोट दाखवून सांगितलं की खालच्या बाईने बांधलं, पण त्या गोंधळात कुणी ऐकेना. हज्जियांचा थोरला मुलगा तिला पोलिसांत न्यायला गाडी काढत होता.

आणि ह्या सगळ्याच्या मध्ये माझ्या सासूबाई उभ्या होत्या. अनवाणी, पदर खांद्यावरून ओघळलेला, माझी मुलगी कडेवर.

"नी मिमी!" त्या म्हणत होत्या. "मैं. मैंने बांधा. अना, अना! समझता क्या? मैंने."

स्वाहिली, हिंदी, अरबी, ज्या ज्या भाषेत 'मी' येत होतं त्या प्रत्येक भाषेत. आवाज चिरकत होता, पण थांबत नव्हत्या. मी पुढे झाले. बांधलं तर मी होतं. "हज्जिया, ये तो मैंने—" एवढं म्हणाले असेन, तोच सासूबाईंनी माझं मनगट पकडलं. माझ्या बांगड्या हाताला रुतल्या.

"तू गप्प," त्या मराठीत म्हणाल्या. "मी बोलत्ये."

मग त्यांनी माझं मनगट सोडलं आणि कमरेला खोचलेली छोटी पिशवी काढली. तिच्यात मनगट्यांचा पहिला जोड होता, माझ्या मुलीच्या हातातून सोडलेला. इतके दिवस त्यांनी तो अंगावर बाळगला होता. त्या तिथेच सतरंजीवर बसल्या, मुलीला मांडीवर घेतलं आणि सगळ्यांसमोर तिच्या हातात मनगट्या बांधायला लागल्या. गाठ दोनदा निसटली.  दोन्ही हातांत बांधून झाल्यावर त्यांनी मुलीचे हात उचलून हज्जियाला दाखवले.

"ये मेरा बच्ची. इसको भी. नजर के वास्ते. हमारे में सबको बांधते. उस बाई ने कुछ नहीं किया."

हज्जियाने मुलीच्या हाताकडे पाहिलं, बशीकडे पाहिलं. बशीतली एक मनगटी उचलून मणी बोटांत फिरवले. मग त्यांच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या हलल्या.

"नजर?" त्या हिंदीत म्हणाल्या. "मेरा अम्मा भी बांधता था. काला दोरी, छोटा बच्चा को." आणि थोरल्या बहिणीकडे वळून त्यांनी अरबीत बरंच काही सुनावलं. त्यातलं मला एवढंच कळलं, खलास, खलास. मुलाला खाली निरोप गेला की गाडी बंद कर. सुनेने डोळे पुसले. बहिणीचं तोंड वाकडं ते वाकडंच राहिलं, पण आया उठली आणि आपले कपडे पेटीत भरायला लागली. सासूबाई तिच्याजवळ गेल्या, तिच्या गालावरून हात फिरवून "पोले, पोले" म्हणाल्या. ती माफी होती, हे मला कुणी सांगावं लागलं नाही. आया पुढे कितीतरी वर्षं त्याच घरात राहिली. ऐंशीच्या दशकात त्या कुटुंबाला हमद टाउनला घर मिळालं तेव्हा निरोप घ्यायला आली, तेव्हाही सासूबाईंच्या गळ्यात पडून रडली.

पण त्या दिवशी आम्ही जिना उतरून खाली आलो आणि सासूबाई शेवटच्या पायरीवर बसल्या. मी आत जाऊन गॅस बंद केला, पाणी आणलं. त्या प्यायल्या नाहीत.

"तुम्हाला कळलं कसं?" मी विचारलं.

"ती ओरडत होती. सी मिमी, सी मिमी. मी नाही, मी नाही. खिडकीतनं ऐकू आलं. तुझे दोन जोड आले होते, एकच माझ्याकडे होता. तेव्हाच समजल्ये." मग म्हणाल्या, "किती वेळ लागला गं मला?"

"कशाला?"

"बोलायला."

"दोन मिनिटं असतील," मी अंदाजाने म्हटलं.

"दोन मिनिटं," त्या म्हणाल्या. "तेवढाच वेळ तीही रांगेतून माझ्याकडे बघत होती."

मला काहीतरी समजुतीचं बोलायलाच हवं होतं. मी म्हटलं, "आई, तिथली गोष्ट वेगळी. त्यांच्या हातात बंदुका होत्या. तुम्ही सांगितलं असतं तरी त्यांनी ऐकलं नसतं. तिला नेलंच असतं, वर तुमच्यावरही संकट आलं असतं." हे मी त्यांना बरं वाटावं म्हणून बोलत होते, आणि ते बहुतेक खरंही होतं.

"त्यांनी नसतं ऐकलं," सासूबाई म्हणाल्या. "पण तिनं तरी ऐकलं असतं ना."

त्या रडत होत्या. मुलगी कुरकुरायला लागली म्हणून मी हात पुढे केले. त्यांनी तिला माझ्याकडे दिलं नाही. पदराखाली घेतलं, थोपटलं, आणि म्हणाल्या, "तुझं कामावर जायचं कधी ते त्या साहेबाला विचारून ये."